धूळ की गूळ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं झाली ते बोरवेळ गावात कुणालाच नक्की सांगता येत नाही. जुनी माणसं एवढंच सांगतात, की तेव्हा नदीवर पूल नव्हता, शाळेत कागद नव्हता, आणि पोरं धुळीवर अक्षरं गिरवायची.

धुळीवर म्हणजे वाटेवरच्या धुळीवर नाही हं. एक लाकडी फळी असायची. तिला काव लावून तांबडी करायची, तिच्यावर पांढरी बारीक धूळ पसरायची, आणि बोटानं अक्षर ओढायचं. जिथून बोट जाईल तिथं खालचा तांबडा रंग उघडा पडायचा. चुकलं तर तळहात फिरवायचा, की पाटी पुन्हा कोरी. पण त्याला धूळ कशी पाहिजे? पिठासारखी. एक जरी खडा आला तरी अक्षराचा पाय मोडायचा.

ती धूळ आणायचं काम हौसाकडं होतं.

हौसा खालच्या आळीची. खालची आळी नदीकडं, वरची आळी देवळाकडं. हौसाचा नवरा पटकीच्या साथीत गेला होता आणि पदरात एक लेक होती, मंजी. नदीच्या वळणाला पांढऱ्या मातीची उंच दरड होती. हौसा तिथली माती खणायची, वाळवायची, कुटायची, आणि मग आपल्या जुन्या लुगड्याच्या पदरातून गाळायची. अशी वस्त्रगाळ केलेली धूळ ती टोपलीत भरायची, एका कडेवर टोपली आणि दुसऱ्या कडेवर पोर घ्यायची, आणि शाळेकडं चालू लागायची. खाली ठेवायला तिच्या पोरीला दुसरी जागाच नव्हती. नदी तिथं, दरड तिथं, साप-किरडू तिथं. कुणाच्या भरवशावर ठेवणार?

शाळा तेव्हा पाटलांच्या गोठ्याला लागून असलेल्या पडवीत भरायची. पडवीपुढं कमरेएवढा दगडी गडगा होता. खालच्या आळीच्या माणसानं त्या गडग्याच्या आत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. धूळ आत जायची, आणणारी बाहेर राहायची. पाटीवरची धूळ संपली की पोरं हाक मारणार, म्हणून हौसाला तिथंच थांबावं लागायचं. मग ती मंजीला गडग्यावर बसवायची, तिच्या पोटाभोवती हात धरायची, आणि दोघी आत बघत राहायच्या.

शिकवायला विसाजीपंत पंतोजी होते. त्यांचं अक्षर असं सुबक, की त्यांनी धुळीवर काढलेली रेघ वाराही मोडत नसे, असं म्हणतात. ते गडग्याकडं तोंड करून बसायचे. मोठी पाटी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर असायची, आणि पोरं त्यांच्या दोन्ही अंगांना दाटीवाटीनं बसून पाटीवर वाकायची. पंतोजी अक्षर काढायचे आणि मोठ्यानं म्हणायचे. पोरं त्यांच्यामागं म्हणायची. आणि गडग्यावरची मंजी ओठातल्या ओठात म्हणायची.

पण ती समोरच्या बाजूला होती ना. तिला सगळी अक्षरं उलटी दिसायची, डोकं खाली आणि पाय वर. तिला काय ठाऊक ती उलटी आहेत म्हणून? जशी दिसली तशी ती शिकली. लहान पोराला आपण घास ज्या हातानं देतो तोच हात सरळ वाटतो. तसंच तिचं झालं.

दरडीपाशी आई माती गाळत बसली, की मंजी सांडलेल्या धुळीवर अक्षरं काढायची. आधी खाली आडवी रेघ, आणि त्या रेघेवर अक्षरं. एकदा ती म्हणाली, "आये, हे बघ कशी उभी राहिल्यात. बाजाराला निघाल्यात."

हौसा इकडंतिकडं बघायची आणि म्हणायची, "मंजे, पूस ते आधी. कुणी बघंल."

"बघू दे की."

"नगं बाई. पूस."

मंजी पुसायची नाही, तेव्हा हौसा स्वतः तळहात फिरवायची. पण पुसता पुसता तिच्याही डोक्यात अक्षर राहून जायचं. असं करत करत लेकीकडून आई शिकली, आणि दोघींनाही गावातलं सगळं वाचता येऊ लागलं, पण आपल्या बाजूनं. गावात तिसऱ्या कुणाला हे माहीत नव्हतं. एकट्या केरबाला माहीत होतं. केरबा खालच्या आळीतला म्हातारा पाथरवट. त्यानं पोरीला एकदा लिहिताना पाहिलं, आणि तो तिथंच मटकन खाली बसला, असं म्हणतात.

मग एका पावसाळ्यात पडवी कोसळली. पाटलांनी खालच्या आळीला बोलावून सांगितलं, "शाळेला दगडी घर बांधायचं हाय. तुम्ही बांधून द्या. तुमची पोरंबी बसतील त्यात."

केरबानं विचारलं, "आत बसतील, पाटील?"

"आत न्हाई तर काय कौलावर बसवू व्हय? सबूद हाय माझा."

आळीनं घर बांधलं. बापई माणसांनी नदीतून दगड काढले, बायकांनी डोक्यावरून वाहिले, पोरांनी चुना मळला. घर बांधून झालं, ओसरी झाली, पुढं जुना गडगा होता तसाच राहिला. मग एका सकाळी खालच्या आळीची पोरं अंघोळी करून, डोक्याला तेल लावून गडग्यापाशी येऊन उभी राहिली. मागं सगळी खालची आळी होती, आणि आत ओसरीच्या दोन्ही बाजूंना पाटील आणि वरची आळी जमली होती.

पंतोजी ओसरीवरून उठले. म्हणाले, "पाटील, बसायला माझी ना नाही. पण विद्या काही जागेवर बसून येत नाही. अंगात लायकी लागते. यांच्यातल्या एकानं मी लिहीन तो शब्द वाचून दाखवावा. वाचला तर सगळी बसू देत."

"आन् न्हाई वाचला तर?" केरबानं विचारलं.

"तर उगाच आमच्या पोरांचा वेळ का घालवायचा?"

आता बघा, ज्यांना कधी शिकवलंच नाही त्यांना म्हणायचं, आधी वाचून दाखवा आणि मग शिकायला या. पण त्या दिवशी हे कुणी बोललं नाही. पाटलांनी मान हलवली. पाटलांना स्वतःला अक्षर येत नव्हतं, ते अंगठा उठवायचे, पण लायकी ही गोष्ट त्यांना पटली.

केरबा म्हणाला, "हाय आमच्यात एक. वाचंल."

"कोण?"

"हौसाची मंजी."

सगळी वरची आळी हसली. कुणीतरी ओरडलं, "पोरगी व्हय? चुलीतली राख वाचाया लावा तिला!" पण पाटलांनाही मजा वाटली. म्हणाले, "पोरगी तर पोरगी. होऊन जाऊ द्या."

हौसानं मंजीला पोटाशी ओढलं. तिनं केरबाला म्हटलं, "काका, काय केलंत वो तुम्ही? ल्हान हाय ती." केरबा म्हणाला, "हौसा, आळीतली सारी लेकरं हितं उभी हायेत. त्यांच्याकडं बघ." हौसानं बघितलं. मग तिनं पदरानं मंजीचं तोंड पुसलं आणि तिला गडग्याच्या आत सोडलं. दगड वाहायला सोडलं, तर खालच्या आळीचं आत पडलेलं ते पहिलं पाऊल, असं म्हणतात.

पंतोजींनी मंजीला आपल्या शेजारी बसवलं, शाळेतली पोरं बसायची तिथं. पाटीच्या दोन्ही अंगांना घोंगड्या टांगल्या, म्हणजे कुणी खूण करायला नको. शाळेतली पोरं पार पिंपळाखाली पाठवून दिली. समोरची बाजू तेवढी उघडी ठेवली, कारण समोर गडग्यापलीकडं खालची आळी उभी होती, आणि त्यांना कुठं अक्षर येत होतं?

मग पंतोजींनी धूळ पसरली आणि एक शब्द लिहिला. लहानसा शब्द, दोन अक्षरांचा.

मंजीनं बघितलं. आणि तिचं तोंड उतरलं. तिला त्यातलं काहीच ओळखेना. तिची अक्षरं रेघेवर उभी राहायची, आणि ही तर दांडीवरच्या धुण्यासारखी रेघेखाली लोंबत होती. तिनं मान वाकडी केली, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणाली, "पंतोजी, पाटी फिरवा की."

"का?"

"अक्षरं टांगल्यात ही. फिरवा, म्हंजी उभी ऱ्हातील."

पंतोजींना तेव्हाच कळलं, असं म्हणतात. इतकी वर्षं गडग्यावर कोण बसलं होतं आणि काय बघत होतं, ते सगळं त्यांना एका क्षणात कळलं. पण ते म्हणाले, "अक्षर कुणासाठी फिरत नसतं. आहे तसं वाच."

"मग मी तिकडं जाऊन वाचू?"

"जागेवरून उठलीस तर हरलीस."

मंजी जागेवरून हलली नाही. पण लेकरू ते. ती तिथल्या तिथं उभी राहिली, पाटीकडं पाठ केली, खाली वाकली, आणि आपल्याच दोन पायांच्या मधून पाटीकडं बघू लागली. परकराचा घोळ तिच्या डोक्यावर आला. वरची आळी पोट धरधरून हसली. "ए, पोरगी कोलांटी मारतीया!" "हा असतो व्हय यांचा ओनामा!"

त्या हसण्यात मंजी वाकल्या वाकल्याच म्हणाली, "धूळ."

पाटील डोळे पुसत म्हणाले, "काय म्हणाली?"

"धूळ," मंजी सरळ उभी राहून मोठ्यानं म्हणाली. "पाटीवर धूळ हाय."

आता तर हसून हसून माणसं खाली बसली. "अगं, पाटीवर धूळच असती! त्यो तर आंधळाबी सांगंल!"

पण पंतोजी हसले नव्हते. पंतोजींनी पाटीवर लिहिलेला शब्दच धूळ होता.

हौसानं गडग्यापलीकडून तो वाचला होता. तिच्या बाजूनं अक्षरं उभी होती. ती ओरडली, "वाचलं! माझ्या मंजीनं वाचलं! धूळच लिवलंय तिथं!"

"तुला गं काय ठावं?" पाटलांनी दरडावलं. "तुला कुणी शिकवलं?"

हौसानं हात जोडले. "मला इचारू नगा. पंतोजींना इचारा. पंतोजी, तुमीच सांगा. काय लिवलं व्हतं तुमी?"

पंतोजींनी पाटलांकडं बघितलं, वरच्या आळीकडं बघितलं, गडग्यापाशी तेल लावून उभ्या असलेल्या पोरांकडं बघितलं. पाटीवर आता काही नव्हतं. पाटलांनी हौसाला दरडावून विचारलं तेव्हाच पंतोजींचा तळहात पाटीवरून फिरून गेला होता. तळहाताला पांढरी धूळ लागली होती.

पंतोजी म्हणाले, "गूळ. मी गूळ लिहिला होता."

मग काय, वरच्या आळीला बोलायला तेवढंच पुरलं. "पंतोजींनी गूळ लिव्हला आन् हिला धूळ दिसली!" "खालच्या आळीला दुसरं काय दिसणार?" केरबा गडग्याला धरून उभा होता, तो खाली बसला. पोरं एकेक करून आपल्या आईच्या पदराआड झाली आणि आळी घराकडं वळली.

वाटेत मंजीनं विचारलं, "आये, मी बरोबर वाचलं ना?"

"व्हय गं माझे बाई."

"मग त्ये गूळ का म्हणलं?"

हौसानं तिचा हात घट्ट धरला आणि पाय उचलले.

"गुळाचा ग मला येतो," मंजी म्हणाली. "त्यो नव्हता तिथं. धुळीचा धच व्हता."

"व्हय."

"मग त्यांनी खोटं का सांगितलं, आये? ते तर पंतोजी हायेत."

असं ती पार नदीपर्यंत विचारत राहिली. आणि नदीवर जाणं भागच होतं, कारण शाळेचा निकाल काही लागो, शाळेला धूळ लागणारच होती. हौसा माती गाळत बसली. मंजीनं काटकी घेतली आणि दरडीच्या अंगावर तोच शब्द काढू लागली. रोज ती लहान लहान अक्षरं काढायची. त्या दिवशी तिला मोठी काढायची होती. गावातून दिसतील एवढी. एकदा आपल्या बाजूनं, एकदा पंतोजींच्या बाजूनं. पाय उंच करून, हात वर वर नेऊन, ती काटकी दाबून दाबून ओढत होती.

हौसानं एकदाच मान फिरवली, पदर झटकायला. तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला आणि पांढरा लोट उठला. लोट बसला तेव्हा दरड खाली आली होती. मंजी नव्हती.

आळी धावली. फावडी, पहारी, तव्यापासून काथवटीपर्यंत मिळेल त्यानं लोक खणत होते. हौसा हातांनी खणत होती. वरच्या आळीतलं कुणी आलं नाही. काहीजण सांगतात दोघंचौघं आले होते, लांब उभे राहून गेले. ती माती अशी, की एक हात खणावी तर दोन हात वरून यायची. शेवटी बाकीच्यांनी हात टेकले. दरडीनं पोर परत दिली नाही.

मग हौसानं काय केलं? खणून लेक सापडत नाही म्हटल्यावर ती चाळायला बसली. तो सगळा ढीग ती आपल्या पदरातून मूठ मूठ गाळू लागली. तिच्याशी कुणी बोललं तर ती म्हणायची, "खडा न्हाई ऱ्हायला पायजे. तिला टोचंल." बायका भाकरी आणून ठेवायच्या, त्या भाकरीवरही पांढरी धूळ साचायची.

आणि गाळलेली धूळ टोपलीत भरून हौसा रोजच्यासारखी शाळेच्या गडग्यावर नेऊन ठेवायची. एका कडेवर टोपली. दुसऱ्या कडेवर काही नसायचं, तरी हात तसाच वाकवलेला असायचा.

त्या धुळीचं पुढं नवल झालं, असं म्हणतात.

पंतोजींनी पाटीवर ती धूळ पसरली आणि श्री लिहिला. बोट उचललं तर धूळ सरकली. आपोआप सरकली, मुंग्यांची रांग सरकते तशी, आणि श्री मोडून तिथं दोन अक्षरं उभी राहिली. धूळ. आणि तोंड कुणीकडं? गडग्याकडं. पंतोजींनी पुसून गणेश लिहिलं. पुन्हा धूळ. राम लिहिलं, धूळ. त्यांनी पाटी बदलली, गावाबाहेरून दुसरी धूळ आणवली, घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून बघितलं. कशावरही लिहिलं तरी शब्द एकच व्हायचा, आणि तोंड फिरवून बसायचा. वरच्या आळीची पोरं आता उलटं बघत माना वाकड्या करायची. त्यांना काही वाचता येईना. घरी गेल्यावर बाप विचारायचा, "काय शिकलास रं?" आणि पोर म्हणायचं, "धूळ."

पंतोजींच्या तळहाताला लागलेली धूळ निघेना. नदीत धुतली, ताकानं धुतली, राखेनं घासून कातडं सोललं, तरी नवीन कातडं पांढरंच आलं. मग एकदा घरी पूजेचा नैवेद्य होता. बायकोनं हातावर गुळाचा खडा ठेवला, तो त्यांनी तोंडात टाकला आणि थुंकला. तोंडात धूळ होती. त्या दिवसापासून गूळ तर नाहीच, भात घेतला तरी धूळ, पाणी घेतलं तरी चिखल. माणूस वाळत गेला. बायको रडायची, "अहो, झालंय तरी काय तुम्हांला? एकदा सांगा तरी!" ते सांगत नव्हते.

शेवटी चालवेना तशी काठी टेकत पंतोजी खालच्या आळीत गेले. भर दुपारी, सगळ्यांदेखत. दरडीपाशी हौसा गाळत बसली होती. पंतोजी तिच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हौसा, मुलीनं बरोबर वाचलं होतं."

हौसानं मान वर केली नाही. म्हणाली, "मला कशापायी सांगताय? मला ठावं हाय. मंजीलाबी ठावं व्हतं. ज्यांच्याम्होरं गूळ म्हणला, त्यांच्याम्होरं सांगा."

वरच्या आळीतले लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा म्हणतात, की पंतोजींना पश्चात्ताप झाला आणि ते आपण होऊन गेले. खालच्या आळीत म्हणतात, घास गिळता आला असता तर ते कधीच गेले नसते. खरं काय ते दरडीला माहीत.

पंतोजींनी गाव जमवलं. ओसरीच्या दोन्ही बाजूंना वरची आळी, गडग्यापलीकडं खालची आळी, जशी त्या दिवशी होती तशीच. पंतोजी ओसरीवर उभे राहिले. बोलायला तोंड उघडलं. आणि तोंडातून शब्द आला नाही. पांढरी धूळ भुरभुरत खाली आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा धूळ. उपरण्यावर, पायांवर, ओसरीवर धूळ पडली. माणसं घाबरून मागं सरली. खरं बोलायची एक वेळ असते, ती त्यांनी घालवली होती. आता वाचाच गेली.

तेव्हा पंतोजी खाली बसले. पाटी पुढ्यात ओढली आणि बोटानं शब्द लिहिला. मग धूळ सांडू न देता दोन्ही हातांनी पाटी आडवीच उचलली आणि लोकांसमोर धरली. पाटलांना वाचता येत नव्हतं. वरच्या आळीतल्या ज्या दोघाचौघांना येत होतं, ते त्या दिवशी पायांकडं बघत होते. पंतोजी पाटी धरून एकेका माणसापुढं फिरले. कुणी वाचेना.

मग ते गडग्यापाशी आले. हौसा तिथं उभी होती. पंतोजींनी पाटी गडग्यावर ठेवली आणि स्वतःच्या हातानं फिरवली. तिच्याकडं अक्षरांचा माथा, आपल्याकडं पायथा. जशी ती मंजीला घेऊन रोज बघायची तशी.

हौसानं वाचलं, "धूळ."

या वेळी कुणी हसलं नाही.

पंतोजी तिथंच गडग्याला टेकून बसले, आणि त्यांना उठवायला गेले तेव्हा ते गेलेले होते, असं म्हणतात. त्यांचा तळहात तेवढा मरतानाही पांढरा होता.

पाटलांनी खालच्या आळीच्या पोरांना आत बसू दिलं. पण शिकवणार कोण? गावात यायला दुसरा पंतोजी तयार होईना. मग लोकांना हौसाकडं जावं लागलं. ती म्हणाली, "शिकवीन. पन लेकराच्या शेजारी न्हाई बसायची. समोर बसंन." ती पोरांच्या समोर बसायची, आणि अक्षर असं काढायची की पोराच्या बाजूनं ते सरळ दिसावं, तिच्या बाजूनं उलटं दिसलं तरी चालेल. आणि प्रत्येक पोराला आधी विचारायची, "बाळा, तुज्याकडनं कसं दिसतंय?" वरच्या आळीचं असो, खालच्या आळीचं असो. धूळ तिच्या हातची होती, आणि तिनं लिहिलेलं अक्षर कधी मोडलं नाही, असं म्हणतात. पोरं तिला धुळाई म्हणू लागली.

पण ती पोरांना शिकवायची म्हणून तिचं मन निवलं, असं मात्र कुणी सांगत नाही. शाळा सुटली की ती दरडीला जायची आणि चाळायला बसायची. म्हातारी झाली तरी जायची. शेवटी एकदा ती गेली आणि आलीच नाही. लोक बघायला गेले तर तिथं लुगड्याचा पदर पसरलेला, त्यावर गाळलेल्या धुळीचा ढीग, आणि ढिगावर बोटानं लिहिलेला एकच शब्द. मंजी. अक्षरं रेघेवर उभी होती.

त्या दरडीतून आजही पांढरी धूळ गळते. वारा नसला तरी गळते.

आता बोरवेळला सरकारी शाळा आहे. फळा आहे, पंखा आहे, गणवेश आहे. गडगा मात्र लोकांनी पाडू दिला नाही. शाळेच्या पहिल्या दिवशी दुसऱ्या गावांत पोरांना गोड देतात. बोरवेळच्या शाळेत गूळ किंवा गुळाची कुठलीच वस्तू त्या दिवशी आणत नाहीत. नव्या पोराची आई आपल्या उंबऱ्यापुढची धूळ पदरात गाळून आणते. सगळ्यांची धूळ एका पाटीवर एकत्र करतात. कुणाची कुठली ते मग देवालाही सांगता येणार नाही. पाटी गडग्यावर ठेवतात. मास्तर एका बाजूला, पोर दुसऱ्या बाजूला. मास्तरांनी स्वतःकडून उलटा आणि पोराकडून सुलटा, असा एक शब्द लिहायचा. सगळ्यांना ठाऊक असतं कुठला. पोरानं तो वाचायचा. आणि मग मास्तरांनी सगळ्या गावादेखत उभं राहून म्हणायचं, "मुलीनं बरोबर वाचलं."

वाचणारा मुलगा असला तरी 'मुलीनं' असंच म्हणायचं.

एक नवीन मास्तर आले होते, बाहेरगावचे. त्यांना हे सगळं खुळ्यासारखं वाटलं असावं. पोरानं वाचल्यावर ते खाली बघून पुटपुटले, "मुलीनं बरोबर वाचलं." आणि पुढच्या पोराला बोलवू लागले.

गडग्यापाशी बाया उभ्या होत्या, पोरांना पुढ्यात धरून. त्यातली एक म्हणाली, "मास्तर, मोठ्यानं."

मास्तर जरा मोठ्यानं म्हणाले.

"आणखी मोठ्यानं."

"अहो बाई, ऐकू आलं ना सगळ्यांना?"

"आम्हांला आलं," ती म्हणाली, आणि तिनं नदीकडं बोट केलं. "पण तिथवर जायला पाहिजे."